रोल कुणाकडे द्यायचा

आमच्या पिरोटच्या माणसांच्या चिक्कूपणाचे किस्से सगळ्या सर्बियात सांगतात, आणि आम्हीच ते जास्त रंगवून सांगतो. त्यामुळे यागोदा रोलच्या कॅमेऱ्याने फोटो काढते हे कळल्यावर टायरच्या कारखान्यातल्या तिच्या मैत्रिणींनी तिला सोडलं नाही. "अगं, फोनवर फुकट निघतात ना? तुला पिरोटची म्हणायचं तरी कसं?" यागोदा हसून सोडून द्यायची. कॅमेरा तिच्या वडिलांचा होता. वडील गेल्यावर भावाने मळा घेतला, बहिणीने घर घेतलं आणि हिने कॅमेरा मागून घेतला. तो कुणालाच नको होता, म्हणून भांडण झालं नाही.

रोल विकत घेताना तिचा जीव जात नसे. जायचा तो रोल धुवायला देताना. निशमध्ये एक दुकान होतं. तिथला माणूस पुरेसे रोल साठेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही, आणि वाळवताना पट्टीवर धूळ बसायची ती बसायचीच. पुढे ते दुकान बंद झालं आणि तिथे फोनची कव्हरं विकायला आली. मग बेलग्रेड. बसच्या ड्रायव्हरच्या हातात पाकीट द्यायचं, तिकडून कुणीतरी ते उचलायचं. एकदा पाकीट पोचलंच नाही. एकदा पोचलं, पण परत आलं ते दुसऱ्याच कुणाचं तरी लग्न. नवरी अनोळखी, नवरा अनोळखी, डुक्कर तेवढं छान भाजलेलं. राहिलं व्हिएन्ना. तिथे सगळं चोख असतं म्हणे, पण यागोदाच्या पगारात व्हिएन्ना म्हणजे चैनच.

गावात फोटोवाल्यांचा एक क्लब होता. अध्यक्ष वकील नेबोयशा. माणूस बोलायला गोड, कॅमेरे त्याच्याकडे भारीतले, आणि बक्षिसंही मिळालेली. निशावा नदीकाठच्या खानावळीत क्लब जमायचा. असंच एकदा यागोदाने त्या परक्या लग्नाची गोष्ट सांगितली आणि सगळे पोट धरून हसले. हसणं ओसरल्यावर नेबोयशा म्हणाला, "आपल्या गावात टायर बनतात, चीज बनतं, किलीम विणले जातात. आणि एक रोल धुता येत नाही? तिहोमिरकडे मशीन आहे की अजून."

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून तिहोमिरच्या दुकानात गेले.

तिहोमिरचं दुकान मुख्य रस्त्यावर. एके काळी तिथे सणासुदीला रांग लागायची. आता तो पासपोर्टचे फोटो काढायचा, आणि थडग्यांवर बसवायचे चिनी मातीचे लंबगोल फोटो बनवून द्यायचा. "माणसं माझ्याकडे दोनदाच येतात," तो म्हणायचा. "देश सोडताना आणि जग सोडताना." रोल धुवायचं मशीन मागच्या खोलीत मेणकापडाखाली होतं, आणि त्याच्यावर बायकोने लोणच्याच्या मिरच्यांच्या बरण्या मांडून ठेवल्या होत्या.

"चालेल का हे?" नेबोयशाने विचारलं.

"हे चालेल. तुम्ही चालाल का ते सांगा."

"म्हणजे?"

"म्हणजे असं, वकीलसाहेब. ह्याच्यातलं औषध कामात राहिलं तरच ताजं राहतं. रोल येत राहिले पाहिजेत. नाही आले, तर ते बसल्या जागी मरतं. वरून काही कळत नाही. दिसायला तसंच, वासाला तसंच. कळतं ते कुणाचा तरी रोल आत गेल्यावर." त्याने एक एक बरणी उचलून खाली ठेवायला सुरुवात केली. "तेव्हा उपकार म्हणून कधीमधी एखादा आणून देणार असाल, तर ह्या मिरच्या इथे बऱ्या आहेत. आणायचे तर सगळे आणा. बरे, वाईट, सगळे."

"सगळे," नेबोयशा म्हणाला. "शब्द दिला."

बाकीच्यांनीही दिला. तिहोमिरने आतून राकियाची बाटली आणली आणि शब्दावर शिक्का बसला.

काही भाग त्याला दिमित्रोवग्रादच्या एका बंद दुकानात मिळाले. औषधं सीमेपलीकडून, सोफियाहून, स्वतःच्या गाडीच्या डिकीतून आणली. उन्हाळा लागता लागता मशीन सुरू झालं. पहिला रोल यागोदाचा होता, शनिवारच्या बाजाराचा. तिहोमिरने ओली पट्टी दोरीवर लटकवली, ती वाळेपर्यंत दोघं तिच्याखाली कॉफी पीत बसले, आणि प्रिंट निघाले तेव्हा तो स्वतःच ते हातात घेऊन दाराशी उजेडात गेला. टोमॅटो टोमॅटोसारखे होते, माणसं माणसांसारखी. "हात विसरले नाहीत," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता आत गेला. भाव त्याने असा ठेवला की बाहेर एक वेळ जेवण्याच्या पैशात रोल धुऊन मिळावा. त्या उन्हाळ्यात निशहूनसुद्धा पोरं रोल घेऊन यायला लागली. यागोदाला पहिल्यांदाच वाटलं की आता बटण दाबताना पुढचा विचार करायला नको.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत तिने येरिनाकाकूचे फोटो काढायला सुरुवात केली.

येरिनाकाकू म्हणजे यागोदाच्या वडिलांच्या चुलतभावाची विधवा. नदीच्या अलीकडे, तियाबारात राहायची. मुलगी असल्यापासून किलीम, म्हणजे आमच्याकडचे लोकरी गालिचे, विणत आलेली. आधी सहकारी संस्थेसाठी, ती मोडल्यावर घरी. बोटं वाकडी झाली होती. मुलगा बोरिसाव नोवी सादला असायचा आणि आईने आता तिकडे यावं म्हणून वर्षानुवर्षं मागे लागला होता. शेवटी ती कबूल झाली, पण एका अटीवर. परदेशात, लोझानमध्ये राहणाऱ्या मूळच्या पिरोटी माणसाने एक मोठा किलीम सांगितला होता, जुन्या नक्षीचा, लाल जमिनीचा. तो पुरा होईपर्यंत ती हलणार नव्हती. तो झाला की मग ईस्टर करून निघायचं.

यागोदा दर रविवारी जायची. उभ्या मागासमोर काकू जमिनीलगतच्या फळीवर बसलेली असायची आणि तोंड हाताइतकंच चालायचं.

"माझा कशाला काढतेस? माझ्यावर कुणी पाय देणार नाहीये. किलीमचा काढ."

"दोघांचाही काढते, काकू."

"मग थांब, दात लावून येते. लोझानवाल्याला वाटायला नको की म्हातारीने धागे तोडता तोडता दात घालवले."

एकदा यागोदाने विचारलं, "काकू, तुझ्या घरात तुझा एकही किलीम कसा नाही गं?"

"घरात ठेवायला विणले होते होय? विणला, कापला, गेला. मुली उजवल्यासारखे. आणि मुली निदान सणाला तरी येतात." तिने कंगव्यासारख्या लाकडी ठोक्याने ओळ ठोकून बसवली. "पूर्ण पसरलेला सुद्धा एखादाच क्षण दिसतो. विणू तसा तो खाली गुंडाळत जातो. कापला की अंगणात पसरायचा, एकदा बघायचा, की दारात गाडी उभीच."

"ह्या वेळी फोटो काढून देईन तुला. अख्ख्याचा."

"दे. नोवी सादला सहाव्या मजल्यावर भिंतीशिवाय आहे काय बघायला."

हिवाळाभर यागोदाचे रोल तिहोमिरकडे जात राहिले आणि फोटो बरे येत राहिले. जानेवारीच्या सुमारास एका रोलमध्ये बर्फ थोडा हिरवट वाटला. तिहोमिर म्हणाला, थंडीने झालं असेल. पुढचा रोल पुन्हा ठीक होता. दुकानात हल्ली कुणी दिसत नाही हे तिच्या लक्षात आलं होतं, पण हिवाळ्यात कोण बाहेर पडतंय, असं तिने स्वतःलाच सांगितलं.

मार्च संपता संपता किलीम मागावरून उतरवला. शेजारच्या दोघी मदतीला आल्या. काकूने स्वतः कात्री धरली आणि ताणलेले धागे कापले. मग चौघींनी मिळून ते ओझं अंगणात नेलं आणि उलगडलं. भिंतीकडेला अजून थोडा बर्फ उरला होता, आणि त्याच्याशेजारी तो लाल रंग असा काही पडला की शेजारणी सुद्धा बोलायच्या थांबल्या. काकू किलीमभोवती एक फेरी मारून आली. कुठे चुकलंय का ते बघत होती. मग तिने चपला काढल्या आणि लोकरी मोज्यांनिशी मधोमध जाऊन उभी राहिली. हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना, म्हणून एप्रनच्या खिशात घातले.

"काढ आता," ती म्हणाली. "दात घातलेत."

यागोदाने अख्खा रोल तिथेच संपवला. जवळून, लांबून, जिन्यावर चढून वरून. दुपारी लोझानवाल्याचा भाचा गाडी घेऊन आला, किलीम गुंडाळून दोरीने बांधला आणि घेऊन गेला.

सोमवारी कामावर जाण्याआधी यागोदा तिहोमिरच्या दारात उभी होती. त्याने रोल हातात घेतला, नुसताच फिरवला.

"घाई आहे का?"

"येरिनाकाकू ईस्टर झाल्यावर जाणार. त्याआधी तिच्या हातात द्यायचेत. हाच रोल, तिहोमिरभाऊ. बाकीचे सगळे एकीकडे आणि हा एकीकडे."

तो काहीतरी बोलणार असं तिला वाटलं. पण तो एवढंच म्हणाला, "ठेव."

बोलावलं त्या दिवशी ती गेली तर तो काउंटरमागे उभा होता आणि पट्ट्या प्रकाशाच्या काचेवर मांडून ठेवलेल्या होत्या. तिने वाकून बघितलं. पट्ट्या जवळजवळ रिकाम्या होत्या, पाणी घालून वाढवलेल्या चहासारख्या. त्याने एक प्रिंट काढून ठेवला होता, तो पुढे सरकवला. बर्फ जांभळा. काकूचं तोंड शेवाळ आल्यासारखं. आणि पायाखाली भिजलेल्या पुठ्ठ्याच्या रंगाचं काहीतरी पसरलेलं, ज्याच्यावरची नक्षी माहीत असणाऱ्यालाच दिसली असती.

"हे काय झालं?"

"औषध मेलं होतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

तिहोमिरने काच पुसायला घेतली. "शंका होती."

"शंका होती आणि घातलात?"

"नवीन भरायचं तर सगळी टाकी भरावी लागते, यागोदा. एका रोलसाठी नाही भरता येत. थोडं ताजं ओतलं वरून. गेल्या महिन्यातला तुझा तसाच निघाला होता. वाटलं, हाही निघेल."

"एका रोलसाठी? बाकीचे कुठे आहेत?"

"बाकीचे?" तो पहिल्यांदा तिच्याकडे बघून हसला, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं. "बाकीचे मला फुगे आणून देतात. वकीलसाहेबांच्या नातवाचा वाढदिवस, फुगे. दुसऱ्याच्या कुत्र्याचे फोटो. अंधारातले, हललेले, असेच सगळे. शरद सरल्यापासून तेही क्वचित. चांगले रोल कुठे जातात ते मला कळत नाही असं वाटतं काय? जन्मभर लोकांचे फोटो बघितलेत मी. इतकं फुकट आयुष्य कुणाचंच नसतं."

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं, तर तूही गेली असतीस."

यागोदाने पट्ट्या उचलल्या, पाकिटात घातल्या. तो पैसे नको म्हणाला. तिने तरी ठेवले, आणि ते त्याला जास्त लागलं असावं.

तशीच ती नेबोयशाच्या कचेरीत गेली. त्याच्या टेबलावर वसंतातल्या प्रदर्शनासाठीचे मोठे प्रिंट पसरलेले होते. पर्वत, मेंढ्या, धुकं. रंग असे की हात लावला तर बोटाला ओल यावी. पाकिटावर व्हिएन्नाचा शिक्का होता. तिने आपला जांभळा प्रिंट त्यांच्या मधोमध ठेवला.

त्याने चष्मा लावून तो बघितला. त्याला खरंच वाईट वाटलं. तेवढा वाईट माणूस तो नव्हता. "अरेरे. येरिनाकाकू ना ही? असा रोल तू तिहोमिरकडे दिलास? यागोदा, महत्त्वाचे रोल कोण देतं तिथे?"

"आपण शब्द दिला होता."

"दिला ना. आणि मी रोल नेऊनही देत होतो. महत्त्वाचे नव्हतो देत, एवढंच. एखादा बिघडला तर परत कुठून आणायचा?"

"कुणाचा बिघडला होता?"

"बिघडला असा कुणाचा नव्हता. पण बिघडू शकतो ना. जुनं मशीन, म्हातारा माणूस."

"माझा बिघडला."

"तेच तर म्हणतोय मी," नेबोयशा हळुवारपणे म्हणाला. "सगळ्यांना माहीत होतं गं. मला वाटलं, तुलाही असेल."

पुढच्या आठवड्यात क्लब खानावळीत जमला तेव्हा गोष्ट सगळ्यांना कळलेली होती. कुणी म्हणालं, तिहोमिरने फसवलं. कुणी म्हणालं, बिचारा, वय झालं. एकाने विचारलं की उरलेल्या औषधाचं काय करणार, नदीत ओतणार की काय. नेबोयशाने ग्लास बाजूला ठेवून म्हटलं की ह्या गावात चांगलं काही टिकतच नाही, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. यागोदाने एकेकाचं तोंड बघून घेतलं.

"टिकत नाही, की आपण टिकू देत नाही?" ती म्हणाली. "तुमच्यातल्या प्रत्येकाने चांगला रोल दुसऱ्याने द्यावा म्हणून वाट बघितली. ती दुसरी म्हणजे मी."

कुणीतरी तिच्या ग्लासात राकिया ओतली आणि म्हणालं, बस, बस, चिडू नकोस. ती उठून आली. मागे फुटबॉलचं बोलणं सुरू झाल्याचं तिला पायऱ्या उतरताना ऐकू आलं.

काकूला तिने सगळं खरं सांगितलं. काकू गाठोडी बांधत होती. सगळं ऐकून तिने जांभळा प्रिंट मागितला, बघितला आणि परत दिला.

"म्हणजे हा पण गेला."

"माझ्यामुळे, काकू."

"तुझ्यामुळे कसा? तू काय औषध आहेस?" ती थोडा वेळ गाठ आवळत राहिली. "ते हल्ली संगणकावर रंग घालून देतात म्हणे. मेलेल्यांचे सुद्धा जिवंत करतात."

"तो खोटा रंग असेल, काकू. खरा पट्टीत उतरलेलाच नाही."

"असू दे खोटा. यागोदा, मी तिकडे जाऊन बसणार सहाव्या मजल्यावर. सूनबाईला वाटतं मी जन्मभर सतरंज्या झटकल्या. मला काहीतरी दाखवायला दे. लाल असलं म्हणजे झालं."

असं काम गावात एकालाच येत होतं. यागोदा आठवडाभर टाळत राहिली, आणि मग गेली. नेबोयशाने तिला खुर्ची दिली, कॉफी मागवली, टोमणा मारला नाही. ते तिला जास्त कठीण गेलं. त्याने पट्टी स्कॅन केली आणि पडद्यावर काकूच्या पायाखालचा पुठ्ठा हळूहळू पेटू लागला.

"कसला लाल होता? असा? की असा?"

"जरा खोल."

"असा?"

"नाही. म्हणजे, हो. मगाचचा दाखवा."

त्याने मगाचचा दाखवला. मग त्याच्या आधीचा. यागोदा डोळे मिटून अंगण आठवत होती, बर्फ आठवत होती, एप्रनच्या खिशातले हात आठवत होती. सगळं दिसत होतं, पण पडद्यावरचा प्रत्येक नवा लाल अंगणातल्या किलीमवर जाऊन बसत होता, आणि थोड्या वेळाने तिला कुठलाच ठामपणे नाकारता येईना. शेवटी ती म्हणाली, "हाच असेल."

"छान दिसतोय," नेबोयशा म्हणाला, आणि खरंच छान दिसत होता. "प्रदर्शनात लावू या का? खाली तुझं नाव. रंगाचं काम म्हणून बारीक अक्षरात माझं."

तिने हो म्हटलं. नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं.

दरम्यान तिहोमिरने मशीन रिकामं करून भंगारवाल्याला दिलं. मागची खोली भाड्याने दिली, तिथे नखं रंगवणारी एक मुलगी बसते. यागोदा आता पलीकडच्या पदपथावरून जाते. तोही बाहेर उभा असला तर आत वळतो. दोघांना एकमेकांचा राग आहे असं नाही, पण बोलायचं काय हा प्रश्न आहे.

ईस्टरनंतर बोरिसाव गाडी घेऊन आला. यागोदा फाटकाशी पाकीट घेऊन उभी होती. काकूने चष्मा शोधला, फोटो डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला. मागच्या रिकाम्या खोलीत माग तसाच उभा होता. सहाव्या मजल्यावर तो मावला नसता.

"हा माझा नाही," काकू म्हणाली. "माझा लाल एवढा ओरडत नव्हता."

"नको असेल तर राहू दे, काकू."

"आण इकडे. सुनेला काय कळतंय." तिने फोटो पिशवीत, औषधांच्या डबीला टेकवून नीट उभा ठेवला. "आणि माझं तोंड तर बघ कसं टवटवीत केलंय. वकिलाला सांग, लग्नात सुद्धा नव्हतं एवढं."

बोरिसावने हॉर्न वाजवला. काकू पुढच्या सीटवर बसली, पिशवी मांडीवर घेतली, आणि यागोदाने बाहेरून दार लावून दिलं. ते एकदा नीट बसलं नाही, म्हणून पुन्हा उघडून जोरात लावावं लागलं.